चॉकलेटमध्ये बुडवलेल्या कुकीज : गोळा, पट्टे आणि तळाशी साचणारं थारोळं

प्रश्न : दिवाळीच्या फराळाबरोबर द्यायला बटर कुकीज केल्या आणि अर्ध्या चॉकलेटमध्ये बुडवल्या. पहिल्या खेपेला चॉकलेट घट्ट वाटलं म्हणून दोन चमचे दूध घातलं, तर त्याचा गोळाच झाला. दुसऱ्या खेपेला दूध घातलं नाही. बुडवताना कुकीज छान चमकत होत्या, पण सकाळी त्यांच्यावर राखाडी पट्टे होते, हातात घेतल्या की चॉकलेट बोटांना लागत होतं आणि प्रत्येक कुकीखाली चॉकलेटचं थारोळं गोठलेलं होतं. चॉकलेट चांगल्या कंपनीचं, डार्क, ५५ टक्क्यांचं. चुकतंय कुठे?

उत्तर : तक्रारी तीन आहेत आणि तिन्हींची कारणं वेगळी. गोळा झाला तो पाण्यामुळे. पट्टे आणि चिकटपणा टेम्परिंग, म्हणजे चॉकलेट ठरावीक तापमानांतून नेऊन थिजवणं, न केल्यामुळे. थारोळं हाताच्या सवयीमुळे, ते सुधारणं सगळ्यांत सोपं. कुकीमध्ये दोष असावा असं वर्णनावरून वाटत नाही, तरी तिच्याबद्दलही पुढे लिहितो, कारण बुडवायची कुकी आणि नुसती खायची कुकी यांत फरक करावा लागतो.

आधी चॉकलेट कोणतं ते पाहू. बेकरीच्या सामानाच्या दुकानात ज्या स्वस्त स्लॅब मिळतात त्या बहुतेक कंपाउंडच्या असतात. पाकीट उलटं करून घटक वाचायचे. ‘हायड्रोजनेटेड व्हेजिटेबल फॅट’ किंवा पाम कर्नल तेल पहिल्या दोन-तीन नावांत असेल आणि कोको बटर, म्हणजे कोकोच्या बियांतला स्निग्धांश, कुठेच नसेल, तर ते कंपाउंड. कोको मास (दळलेल्या कोको बिया) आणि कोको बटर असेल तर ते खरं चॉकलेट. त्यातही कोको बटर किमान ३१ टक्के असेल तर त्याला कूव्हर्चर म्हणतात आणि बुडवायला तेच सोयीचं, कारण ते पातळ होतं.

इथे एक गैरसमज फार दिसतो. पाकिटावरचे ५५ किंवा ७० टक्के म्हणजे स्निग्धांश नव्हे. तो कोकोचा एकूण भाग, म्हणजे कोकोचा कोरडा अंश आणि कोको बटर यांची बेरीज. म्हणून ७० टक्क्यांचं चॉकलेट ५५ टक्क्यांच्यापेक्षा पातळ असेलच असं नाही. किती वाहतं ते पाहायचं तर कॅलेबोसारख्या कंपन्या पाकिटावर थेंबांची चित्रं छापतात. तीन थेंब म्हणजे मध्यम. त्यांचं ८११ क्रमांकाचं ५४.५ टक्क्यांचं डार्क तीन थेंबांचं आहे आणि कुकीजना ते नेमकं चालतं. एक-दोन थेंबांचं घट्ट पडतं, पाच थेंबांचं इतकं पातळ की कुकीचा रंग आरपार दिसतो.

चॉकलेट चिप्स वितळवून बुडवू नका. ओव्हनमध्ये आकार टिकावा म्हणून त्यांत स्निग्धांश मुद्दाम कमी ठेवलेला असतो. त्या वितळल्या तरी लापशीसारख्या राहतात, आणि मग माणसाला दूध घालावंसं वाटतं.

आता त्या दुधाबद्दल. चॉकलेट म्हणजे साखरेचे आणि कोकोचे अतिबारीक कण कोको बटरमध्ये तरंगत असतात. त्यात पाण्याचा अंश जवळजवळ नसतोच. थोडंसं पाणी शिरलं की साखरेचे कण ओले होऊन एकमेकांना चिकटतात आणि पाहता पाहता सगळं घट्ट, दाणेदार होतं. पावशेर चॉकलेटला चमचाभर पाणी एवढं करायला पुरतं. दूध म्हणजे बहुतांशी पाणीच. बटर घातलं तर चालेल का, असंही विचारतात. बाजारच्या बटरमध्ये १६ टक्क्यांपर्यंत पाणी असू शकतं, त्यामुळे तेही नको. खायचे पाण्यातले रंग, व्हॅनिलाचा पातळ इसेन्स, ओला चमचा, धुऊन नीट न पुसलेलं भांडं, डबल बॉयलरची वाफ, सगळ्यांचा परिणाम एकच. रंग हवाच असेल तर तेलात विरघळणारा घ्यायचा. चॉकलेट पातळ करायचं असेल तर खऱ्या चॉकलेटमध्ये वजनाच्या ३ ते ५ टक्के वितळवलेलं कोको बटर, आणि कंपाउंडमध्ये १०० ग्रॅमला एक छोटा चमचा वास नसलेलं रिफाइंड तेल. त्याहून जास्त तेल घातलं तर थर मऊ राहतो.

दुसऱ्या खेपेची गोष्ट थोडी लांबण लावून सांगावी लागेल, कारण खरं काम तिथेच आहे.

घरचं तूप आठवा. थंडीत डब्यात सावकाश थिजलं की ते रवाळ होतं, तेच फ्रीजमध्ये पटकन थिजवलं की गुळगुळीत आणि मऊ. तूप तेच, थिजण्याची चाल वेगळी. कोको बटर याबाबतीत आणखी लहरी. ते सहा प्रकारे थिजू शकतं. विल आणि लटन या दोघा संशोधकांनी १९६६ मध्ये या सहा रूपांना क्रमांक दिले, आणि तेच आजही वापरतात. पहिली चार रूपं १७ ते २८ अंश सेल्सियसच्या आसपास वितळतात, म्हणजे बोट लावलं की गेलीच. आपल्याला हवं ते पाचवं. ते ३४ अंशांच्या जरा खाली वितळतं, म्हणून हातात टिकतं आणि तोंडात विरघळतं. ते थिजताना किंचित आकसतं, चमकतं आणि मोडलं की कट् असा आवाज येतो. नुसतं वितळवून थंड होऊ दिलं तर सगळी रूपं मिसळून थिजतात. रात्रभरात कच्ची रूपं बदलत राहतात, त्यात स्निग्धांश वर येतो आणि पृष्ठभागावर राखाडी पट्टे उमटतात. तुमच्या कुकीज बुडवताना चमकत होत्या यात नवल नाही. ओलं चॉकलेट नेहमीच चमकतं. खरं काय ते थिजल्यावर कळतं.

टेम्परिंग म्हणजे पाचव्या रूपाचे बारीक स्फटिक आधी तयार करून ठेवणं, म्हणजे बाकीचं त्यांच्यासारखं थिजतं. घरी सगळ्यांत खात्रीची पद्धत विरजणाची. दुकानातून आणलेलं चॉकलेट आधीच टेम्पर केलेलं असतं, म्हणजे त्यात पाचवं रूप तयार आहे. त्यातला काही भाग न वितळवता बाजूला ठेवायचा आणि वितळलेल्यात विरजणासारखा लावायचा. दुधाचा नियम इथेही लागू आहे : फार गरम दुधात विरजण मरतं, तसंच ३५ अंशांच्या वर चॉकलेटमधलं विरजण वितळून जातं.

५०० ग्रॅम डार्क कूव्हर्चर घ्या. कुकीज चाळीसच असल्या आणि त्यांना २०० ग्रॅमच लागणार असलं तरी भांड्यात खोली हवी, म्हणून ५००. उरलेलं वाया जात नाही. त्यातलं १५० ग्रॅम बारीक चिरून बाजूला ठेवा. ३५० ग्रॅम वितळवा. मायक्रोवेव्ह असेल तर अर्ध्या शक्तीवर आधी एक मिनिट, मग तीस-तीस सेकंद, शेवटी पंधरा-पंधरा, आणि दर वेळी बाहेर काढून ढवळायचं. चॉकलेट वितळलं तरी आकार सोडत नाही, त्यामुळे नुसतं बघून कळत नाही आणि मधोमध जळतं. डबल बॉयलर करायचा असेल तर पाणी गरम करून गॅस बंद करा आणि मग त्यावर वाडगा ठेवा. वाडगा पातेल्यापेक्षा रुंद हवा, म्हणजे वाफ कडेनं आत शिरत नाही, आणि त्याचा तळ पाण्याला टेकता कामा नये. वाडगा उचलला की आधी खालून पुसायचा. तळाला लोंबलेला थेंब ओतताना चॉकलेटमध्ये पडतो, आणि मग माणूस चॉकलेटला दोष देतो.

तापमान ४५ ते ४८ अंशांपर्यंत न्या. यात जुने सगळे स्फटिक विरघळतात. डार्क ५५ च्या वर नेऊ नका. मिल्क आणि व्हाइटला ४० ते ४५ पुरे, त्यांतली दुधाची भुकटी लवकर करपते आणि दाणे धरते. आता चिरलेलं चॉकलेट तीन वेळा विभागून घाला आणि सावकाश, फेस न येऊ देता ढवळत राहा. ३२ अंशांवर आलं आणि अजून दोन-चार बारीक तुकडे न विरघळता तरंगत असतील, तर विरजण लागलं. ते तुकडे काढून टाका. सगळे तुकडे ३४-३५ लाच विरघळून गेले तर विरजण कमी पडलं, आणखी २० ग्रॅम घाला. डार्क ३१ ते ३२ वर वापरायचं, मिल्क २९ ते ३० वर, व्हाइट २८ ते २९ वर. एका अंशानं काय बिघडतं, असं वाटेल, पण डार्क ३४ वर गेलं की केलेली सगळी मेहनत वितळते आणि ४५ पासून पुन्हा सुरुवात करावी लागते.

थर्मामीटर हवाच. काडी आत बुडवायचा साधा डिजिटल उत्तम. बंदुकीसारखा इन्फ्रारेड फक्त वरचा थर मोजतो, म्हणून तो वापरत असाल तर नीट ढवळून लगेच मोजा. ओठाला लावून अंदाज घेण्याची पद्धत सरावलेल्या हातांची आहे. सुरुवातीला तिच्यावर विसंबू नका.

मग चाचणी. सुरीचं टोक बुडवून ओट्यावर ठेवा. खोली २० ते २२ अंशांची असेल तर तीन ते पाच मिनिटांत कडा थिजायला लागतात, रंग सगळीकडे सारखा राहतो आणि बोट लावलं तर डाग येत नाही. दहा मिनिटांनीही ओलं असेल किंवा पट्टे दिसत असतील, तर टेम्पर लागलेलं नाही. ही पाच मिनिटं वाचवायला जाऊन चाळीस कुकीज बुडवणारे लोक बरेच असतात.

ज्यांना कोको बटरची पावडर मिळते त्यांना आणखी एक सोपी वाट आहे. चॉकलेट ४५ पर्यंत वितळवून ३४ वर येऊ द्यायचं, वजनाच्या १ टक्का म्हणजे ५०० ग्रॅमला ५ ग्रॅम पावडर नीट मिसळायची आणि ३२ वर आलं की वापरायचं. महाग पडते, पण चुकायला जागा कमी.

आता खोली. बहुतेक पाककृती याबद्दल गप्प असतात, आणि आपल्याकडे निम्मी कामं इथेच बिघडतात. पाचवं रूपच ३४ ला वितळतं. स्वयंपाकघर ऑक्टोबरच्या दुपारी ३४ अंशांवर असेल तर तिथे टेम्परिंग चुकतं असं नाही, ते होऊच शकत नाही. खोली १८ ते २२ अंश हवी, फार तर २४. पुण्या-नाशकाकडे दिवाळीच्या सुमाराला पहाटेचं स्वयंपाकघर पुष्कळदा यात बसतं. मुंबई, कोकण, गोवा इथे एसी लावलेली खोली हाच उपाय. एसी तासभर आधी २२ वर लावा आणि कुकीज, ट्रे, कागद, टॉपिंग, सगळं आधीच त्या खोलीत नेऊन ठेवा. एसीमुळे दमटपणाही कमी होतो, हा दुसरा फायदा. शेजारच्या शेगडीवर कुकर लावून चॉकलेटचं काम करू नका, त्याची वाफ हवेत राहतेच. पंख्याचा झोतही सरळ कुकीवर नको, एका बाजूनं आधी थिजून लाटा उमटतात.

थंड खोली मिळणारच नसेल तर खरं चॉकलेट बाजूला ठेवा आणि बिनदिक्कत कंपाउंड वापरा. त्याला टेम्परिंग लागत नाही. ४५ पर्यंत वितळवायचं, ४० च्या आसपास वापरायचं. चव खऱ्या चॉकलेटची नाही, जरा मेणचट लागतं, हे मान्य. पण पट्टे आलेल्या उंची चॉकलेटपेक्षा चमकणारं कंपाउंड डब्यात बरं दिसतं. फक्त दोन्ही मिसळू नका. ‘चवीला बरं म्हणून अर्धं-अर्धं’ हा सल्ला हमखास पांढरे डाग आणि मऊ थर देतो, कारण पाम कर्नलचा स्निग्धांश आणि कोको बटर एकत्र नीट थिजत नाहीत. एकाचं भांडं न पुसता दुसऱ्याला वापरणंही टाळावं.

आता कुकी. बुडवायची कुकी कोरडी, सपाट आणि कडांना नेटकी हवी. अंडं आणि ब्राउन शुगर घातलेली मऊ कुकी चालत नाही. तिच्यातला ओलावा चॉकलेटखाली फिरत राहतो, साखरेचे डाग येतात आणि थर सुटतो. शॉर्टब्रेडचं जुनं प्रमाण सगळ्यांत भरवशाचं : साखर एक, बटर दोन, पीठ तीन, सगळं वजनानं. म्हणजे पिठीसाखर १०० ग्रॅम, बिनमिठाचं बटर २०० ग्रॅम, मैदा २७० ग्रॅम आणि तांदळाची पिठी ३० ग्रॅम, मीठ २ ग्रॅम, व्हॅनिला एक छोटा चमचा. तांदळाच्या पिठीनं खुसखुशीतपणा येतो. स्कॉटलंडच्या शॉर्टब्रेडमध्येही ती घालतात, ही काही आपली पळवाट नाही. खारं बटर वापरलं तर वेगळं मीठ नको.

बटर बोटानं दाबलं तर खळगा पडावा इतपतच मऊ हवं, चकचकीत किंवा वितळलेलं नको. साखरेबरोबर मिनिटभर, एकजीव होईपर्यंतच फेटा. केकसारखं हलकं होईपर्यंत फेटलं तर आत हवा कोंडते, कुकी फुगते, पसरते आणि वरून खडबडीत होते. त्या खाचांत चॉकलेट अडकतं आणि बुडबुडे दिसतात. पीठ चाळून घाला, हातानं गोळा करा, मळू नका. दोन प्लास्टिकच्या कागदांमध्ये ६ मिलिमीटर जाड लाटा. दोन्ही बाजूंना तेवढ्याच जाडीच्या पट्ट्या ठेवून त्यांवरून लाटणं फिरवलं की जाडी सारखी येते. लाटलेला थर तसाच अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवा, मग ५ सेंटिमीटरच्या साच्यानं कापा, काट्यानं टोचे मारा. साधारण ४२ ते ४४ कुकीज होतात.

ओटीजी १६० अंशांवर, दोन्ही कॉइल चालू, पंधरा मिनिटं आधी तापवलेला, ट्रे मधल्या खणात, वेळ १८ ते २० मिनिटं. कन्व्हेक्शनचा पंखा असेल तर १५० पुरे. कडा फिकट बदामी आणि तळ त्याहून जरा गडद हवा. एक कुकी गार करून मोडून पाहा. मधोमध ओलसर पट्टी दिसली तर सगळ्या परत १२० वर दहा मिनिटं. दोन दिवस आधी भाजून ठेवलेल्या आणि सादळलेल्या कुकीजनाही हाच उपाय. सादळलेली कुकी कधीही बुडवू नका. आणि बुडवल्यावर हवेतून ओल धरली तर कुकी फुगते, चॉकलेट फुगत नाही, मग थराला तडा जातो. पावसाळ्यात असे तडे फार दिसतात.

भाजून झाल्यावर कुकीज पाच मिनिटं ट्रेवर, मग जाळीवर, आणि पूर्ण गार व्हायला किमान दोन तास. कोमट कुकी बुडवली तर तिचं बटर पाझरून चॉकलेटमध्ये मिसळतं, त्या ठिकाणचं टेम्परही जातं. उलट फ्रीजमधून काढलेली थंड कुकीही नको. तिच्यावर दव धरतं आणि चॉकलेट इतक्या घाईनं थिजतं की चमक येत नाही, थर जाड बसतो. कुकी खोलीइतकीच, २० ते २२ अंशांची हवी. बुडवण्याआधी प्रत्येकीवरून कोरडा ब्रश फिरवा. चुरा चॉकलेटमध्ये पडत गेला की तिसाव्या कुकीपर्यंत ते दाट होतं आणि वर फोड दिसतात.

थारोळ्याचं आता. चॉकलेट पसरट वाडग्यात न ठेवता उंच, अरुंद पेल्यात किंवा मगमध्ये घ्या. कुकी किंचित तिरकी धरून हव्या त्या रेषेपर्यंत एकदाच बुडवा, उचला, आणि मनगटानं पाच-सहा हलके झटके द्या. जादाचं चॉकलेट गळून पडतं आणि वरचे बुडबुडेही फुटतात. मग कुकीचा तळ मगच्या काठावरून एकदा ओढून पुसा. ही एक हालचाल राहिली की थारोळं होतं. कुकी कागदावर ठेवा आणि मिनिटभरानं बोटानं जराशी कोऱ्या जागेवर सरकवा. तरीही साचलं असेल ते मागे राहतं. कागद सिलिकॉनचा थर असलेला हवा. ‘बटर पेपर’ म्हणून जो पातळ, सुरकुतणारा कागद मिळतो त्याच्या सुरकुत्या तळावर उमटतात. जाड, स्वच्छ प्लास्टिकची शीट पसरली तर तळ आरशासारखा निघतो.

५ सेंटिमीटरची कुकी अर्धी बुडवायला ४ ते ५ ग्रॅम चॉकलेट लागतं. पहिल्या तीन कुकीज काट्यावर, आधी आणि नंतर, मोजून पाहा. ८ ग्रॅम लागत असेल तर चॉकलेट थंड झालंय किंवा झटके कमी पडताहेत.

काम चालू असताना चॉकलेट हळूहळू दाट होत जातं. तापमान ३१ दाखवत असूनही दाट वाटत असेल, तर स्फटिक वाढले आहेत. घाबरून तेल घालू नका. हेअर ड्रायरचा गरम झोत वरून पाच-सात सेकंद देऊन ढवळा, किंवा मायक्रोवेव्हमध्ये तीन-चार सेकंद. ३२ च्या वर मात्र जाऊ देऊ नका. हे दर दहा कुकीजनंतर करावं लागेल असं धरून चाला.

वर काही पेरायचं असेल तर थर ओला असतानाच, म्हणजे बुडवल्यापासून मिनिटभरात. पिस्त्याचे काप, भाजलेले तीळ, भाजलेलं सुकं खोबरं, मिठाचे खडे चालतात. सगळं कोरडं आणि खोलीइतकं गार हवं. सुकामेवा १५० अंशांवर आठ-दहा मिनिटं भाजून, गार करून मगच घ्या. ताज्या स्ट्रॉबेरीचे काप दिसायला छान, पण ओलाव्यामुळे दोन तासांत खाली पाणी सुटतं.

थिजताना चॉकलेट स्वतःची थोडी उष्णता बाहेर टाकतं. कुकीज एकमेकींना चिकटवून मांडल्या तर मधल्यांना ती उष्णता बाहेर टाकता येत नाही आणि नेमक्या त्याच राखाडी पडतात. दोन कुकीजमध्ये २ सेंटिमीटर तरी जागा सोडा. २० अंशांच्या खोलीत अर्ध्या तासात त्या उचलण्याजोग्या होतात, डब्यात भरायच्या मात्र चार-पाच तासांनी. फ्रीज वापरावाच लागला तर दहा मिनिटं, सगळ्यांत कमी थंड कप्प्यात, आणि थर थिजल्यासारखा दिसायला लागल्यावरच. जास्त वेळ ठेवल्या तर बाहेर काढताच दव धरतं. ते दव वरची साखर विरघळवतं आणि वाळल्यावर खरखरीत पांढरा थर मागे राहतो. हा डाग पट्ट्यांपेक्षा वेगळा. ओळखायचा कसा? बोटानं चोळा. नाहीसा झाला तर स्निग्धांशाचा, म्हणजे टेम्परिंगचा किंवा उन्हाळ्याचा दोष. खरखरीत राहिला आणि ओल्या बोटानं विरघळला तर साखरेचा, म्हणजे दमटपणाचा. दोन्ही प्रकारच्या कुकीज खायला निर्धोक असतात.

टेम्परिंग अचूक असूनही बटर कुकीजवर काही आठवड्यांनी धुरकटपणा येऊ शकतो. कुकीतलं बटर हळूहळू चॉकलेटमध्ये झिरपतं, गरम जागी लवकर. म्हणून दोन आठवड्यांत संपतील एवढ्याच करा, हवाबंद डब्यात, थरांमध्ये कागद घालून, २२ अंशांच्या आत ठेवा. मिल्क चॉकलेटवर हे उशिरा दिसतं, दुधातला स्निग्धांश त्याला आवर घालतो. घर त्याहून गरम असेल तर डबा दुसऱ्या हवाबंद डब्यात घालून फ्रीजमध्ये ठेवा, आणि बाहेर काढल्यावर तासभर झाकण उघडू नका. पार्सलनं नागपूरकडे किंवा मुंबईहून आणखी कुठे पाठवायच्या असतील तर कंपाउंडच घ्या. तेही ऑक्टोबरच्या उन्हातल्या गाडीत मऊ पडतंच, म्हणून कुकीज उभ्या, घट्ट भरा. आडव्या रचलेल्या एकमेकींना चिकटतात.

उरलेलं चॉकलेट गाळण्यातून गाळून कागदावर पातळ पसरा, थिजलं की मोडून डब्यात भरा. पुढच्या वेळी ४५ पर्यंत वितळवून पुन्हा टेम्पर होतं. विरजणाला मात्र दुकानातलं नवं घ्या. चुरा फार झाला असेल तर त्यात भाजलेले शेंगदाणे किंवा काजू मिसळून चमचाभराचे ढीग घाला. भांडी धुण्याआधी कागदानं पुसून घ्या, कोको बटर मोरीच्या पाइपात जाऊन थिजतं.

आणि पहिल्या खेपेचा गोळा टाकला नसेल तर तो वाचतो. थोड्या पाण्यानं झालेला गोळा जास्त पाण्यानं सुटतो, हीच यातली गंमत. १०० ग्रॅम गोळ्याला ६० ते ७० मिलिलिटर गरम दूध थोडं थोडं घालत, मधोमधून ढवळत जा. आधी आणखी बिघडल्यासारखं दिसेल, फुटेल, मग एकदम गुळगुळीत होऊन चमकायला लागेल. बुडवायला ते कधीच उपयोगी पडणार नाही, थिजणार नाही. पण फ्रीजमध्ये तीन-चार दिवस राहतं, आणि पट्टे आलेल्या कुकीजपैकी दोन-दोन त्यानं जोडल्या की पट्टे आतल्या बाजूला जातात.